बायोप्सीतील श्लेष्माचा शोध : म्युसिन ओळखणारी विशेष अभिरंजने

भारतातून आईचा किंवा वडिलांचा बायोप्सी रिपोर्ट परदेशातल्या मुलाच्या फोनवर येऊन पडतो, तेव्हा नजर पहिल्यांदा तळाच्या ओळीकडे, म्हणजे निदानाकडे धावते. मधल्या परिच्छेदात एखादे कोरडे वाक्य असते : ‘पीएएस-डायस्टेज अभिरंजनात पेशींच्या आत म्युसिन आढळले’, किंवा नुसतेच ‘अल्शियन ब्लू पॉझिटिव्ह’. ते वाक्य बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. प्रत्यक्षात तळाच्या निदानाला आधार अनेकदा याच वाक्याचा असतो. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत म्युसिन शोधण्यासाठी जी विशेष अभिरंजने वापरली जातात, ती काय दाखवतात आणि काय दाखवत नाहीत, हे ठाऊक असेल तर तो रिपोर्ट वेगळ्या रीतीने वाचता येतो.

म्युसिन म्हणजे काय

नाक, घसा, श्वासनलिका, जठर, आतडी, गर्भाशयमुख, लाळग्रंथी या सर्वांच्या आतल्या अस्तराला जो बुळबुळीत थर असतो, त्याला शास्त्रीय मराठीत श्लेष्म म्हणतात. हा शब्द ‘श्लिष्’ म्हणजे चिकटणे, बिलगणे या संस्कृत धातूपासून आला आहे, आणि तो या पदार्थाच्या स्वभावाचे अचूक वर्णन करतो. श्लेष्माला चिकटपणा आणणारे मोठे रेणू म्हणजे म्युसिने. म्युसिनच्या रेणूला प्रथिनाचा एक लांब कणा असतो. या कण्यात सेरीन, थ्रिओनिन आणि प्रोलिन या अमिनो आम्लांच्या क्रमाची पुनरावृत्ती होत राहते, आणि सेरीन व थ्रिओनिन यांना शर्करांच्या साखळ्या दाटीवाटीने जोडलेल्या असतात. बाटल्या धुण्याच्या ब्रशाची दांडी आणि तिच्याभोवतीचे केस, असे चित्र डोळ्यांसमोर आणले तर रेणूची ठेवण कळते. वजनाने पाहता या रेणूत प्रथिनापेक्षा शर्करेचाच वाटा मोठा असतो.

अभिरंजनाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते या शर्करांच्या टोकांना. काही साखळ्यांवर कोणताही विद्युतभार नसतो. ती उदासीन म्युसिने. काहींच्या टोकाला सायलिक आम्ल असते, ती सायलोम्युसिने. काहींवर सल्फेटचे गट असतात, ती सल्फोम्युसिने. शेवटच्या दोन्ही गटांना मिळून आम्लधर्मी म्युसिने म्हणतात. शरीरात यांची वाटणी ठरलेली आहे. जठराच्या पृष्ठभागावरील पेशी उदासीन म्युसिन स्रवतात; लहान आतड्यातील चषकपेशींत प्रामुख्याने सायलोम्युसिन, तर मोठ्या आतड्यात सल्फोम्युसिन भरपूर असते. त्यामुळे एखाद्या ठिकाणी ‘चुकीच्या’ जातीचे म्युसिन दिसणे हीच एक बातमी ठरते.

नेहमीच्या रंगात श्लेष्म का हरवतो

जगभरातील प्रयोगशाळांत प्रत्येक बायोप्सी आधी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या जोडीने रंगवली जाते. पेशीचे केंद्रक निळसर जांभळे आणि भोवतालचा पेशीद्रव गुलाबी दिसतो. बहुतांश निदाने याच दोन रंगांत होतात, आणि मुरलेल्या विकृतिशास्त्रज्ञाला श्लेष्मही त्यात ओळखू येतो. मात्र तो दिसतो फिकट, करडा-निळसर, कधी जवळजवळ रिकाम्या पोकळीसारखा. पेशीच्या आत एखादा पांढुरका फुगा दिसला, तर तो म्युसिनचा आहे, ग्लायकोजेनचा आहे, विरघळून गेलेल्या चरबीचा आहे, की पेशी मरताना पडलेली नुसती पोकळी आहे, हे या रंगावरून खात्रीने सांगता येत नाही. तेथे विशेष अभिरंजनाची गरज लागते.

पीएएस : राणी रंगाची साक्ष

या घराण्यातील सर्वांत जास्त वापरले जाणारे अभिरंजन म्हणजे पिरिऑडिक ॲसिड-शिफ, संक्षेपाने पीएएस. ह्यूगो शिफ या रसायनशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये अल्डिहाइड ओळखणारे एक द्रावण वर्णिले. फुक्सिन हा गडद रंग सल्फ्यूरस आम्लाने रंगहीन केला, तरी अल्डिहाइड भेटताच त्याला पुन्हा रंग चढतो. पुढे १९२८ मध्ये मालाप्राद यांनी दाखवले की पिरिऑडिक आम्ल शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट असलेल्या कार्बनांमधला बंध तोडते आणि तेथे अल्डिहाइड तयार होतात. शर्करांमध्ये अशा जोड्या मुबलक असतात. या दोन गोष्टी एकत्र आणून ऊतीतले म्युसिन दाखवता येते, हे जे. एफ. ए. मॅकमॅनस यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मधील एका छोट्या टिपणात मांडले. नंतरच्या दोन वर्षांत लिली आणि हॉचकिस यांनीही स्वतंत्रपणे हीच पद्धत मांडली.

प्रत्यक्ष कृती फार अवघड नाही. मेणात बसवलेल्या ऊतीच्या तीन ते पाच मायक्रोमीटर जाडीच्या छेदावरील मेण झायलीनने काढतात, छेद अल्कोहोलमधून पाण्यात आणतात, काही मिनिटे पिरिऑडिक आम्लात ठेवतात, धुतात आणि शिफच्या द्रावणात बुडवतात. स्लाइड तेथून बाहेर काढताना फिकट असते. खरा रंग चढतो तो नळाच्या वाहत्या पाण्याखाली. साड्यांच्या दुकानात ज्याला राणी रंग म्हणतात, नेमका तोच.

या अभिरंजनाची अडचण अशी की ते उदार आहे. म्युसिनबरोबर ग्लायकोजेन, पेशीस्तराखालचे पातळ आधारपटल आणि बुरशीच्या भिंती हे सगळेच राणी रंगात न्हाऊन निघतात. त्यातल्या ग्लायकोजेनला वगळण्यासाठी डायस्टेजचा उपयोग होतो. या विकराने ग्लायकोजेन पचते, म्युसिन पचत नाही. म्हणून एकाच ऊतीचे दोन छेद घेऊन एकावर आधी डायस्टेजचा प्रयोग करतात. दोन्हींत रंग राहिला तर म्युसिन असण्याचा संभव, एकातून गेला तर ते ग्लायकोजेन. मानवी लाळेत हेच काम करणारे अमायलेज असते, आणि अनेक प्रयोगशाळांत तंत्रज्ञ पूर्वी सरळ लाळच वापरत. आज ते ऐकून नाक मुरडले जाते. परंतु काम चोख होत असे.

विकर खरोखर प्रभावी होते का, हे तपासण्यासाठी सोबत यकृताच्या ऊतीची स्लाइड ठेवतात, कारण यकृतात ग्लायकोजेन भरपूर असते. म्युसिनचा रंग नीट चढला का, हे पाहण्यासाठी बहुधा अपेंडिक्सचा किंवा मोठ्या आतड्याचा छेद वापरतात. या नियंत्रक स्लाइडीवाचून ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ या शब्दांना काही अर्थ नसतो, आणि रिपोर्टात त्यांचा उल्लेख आढळला तर ते त्या प्रयोगशाळेच्या शिस्तीचे लक्षण मानावे.

अल्शियन ब्लू : कापडगिरणीतून आलेला रंग

दुसरे प्रमुख अभिरंजन वैद्यकासाठी जन्मलेलेच नव्हते. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथील रंगकारखान्यात १९२८ मध्ये एका भांड्याच्या आतल्या काचलेपाला तडा गेला, बाहेरच्या लोखंडाचा रसायनाशी संबंध आला आणि एक अनपेक्षित निळी अशुद्धी तयार झाली. त्या अपघातातून थॅलोसायनीन या रंगद्रव्यांच्या कुळाकडे उद्योगाचे लक्ष गेले. पुढे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने याच कुळातला, तांब्याचा अणू पोटात असलेला आणि पाण्यात विरघळणारा अल्शियन ब्लू हा रंग कापडासाठी बाजारात आणला. म्युसिन रंगवण्यासाठी तो उत्तम आहे, हे १९५० मध्ये एच. एफ. स्टीडमन या प्राणिशास्त्रज्ञाने दाखवले. नंतर मूळ कंपनीने उत्पादन थांबवले, तेव्हा प्रयोगशाळांची बरीच ओढाताण झाली. आजही वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बाटल्यांतील रंगाची प्रत सारखी नसते, आणि नवी बाटली उघडल्यावर आधी नियंत्रक स्लाइड रंगवून पाहण्याचा रिवाज त्यातूनच टिकून आहे.

अल्शियन ब्लूवर धनभार असतो, तर आम्लधर्मी म्युसिनवर ऋणभार. दोघे एकमेकांना धरून ठेवतात. उदासीन म्युसिनवर भारच नसल्याने ते रंगत नाही. खरी गंमत आहे ती द्रावणाच्या आम्लतेत. तीन टक्के ॲसिटिक आम्लात रंग विरघळवला की पीएच सुमारे २.५ राहतो, आणि सायलो व सल्फो अशी दोन्ही म्युसिने मोरपंखी निळी होतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच १ पर्यंत खाली आणला, तर सायलिक आम्लावरील कार्बोक्सिल गटांचा भार नाहीसा होतो, सल्फेटचा मात्र टिकतो. परिणामी केवळ सल्फोम्युसिन निळे दिसते. एकच बाटली, पण आम्लतेचा काटा थोडा हलवताच प्रश्न बदलतो आणि उत्तरही. विशेष अभिरंजनांच्या साऱ्या पसाऱ्यात इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडेल.

मोव्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुक्त पद्धतीत आधी अल्शियन ब्लू आणि नंतर पीएएस असे दोन्ही रंग एकाच छेदावर चढवतात. क्रम महत्त्वाचा असतो. आम्लधर्मी म्युसिन आधी निळ्याने व्यापले गेले की त्यावर राणी रंग फारसा बसत नाही. मग आम्लधर्मी म्युसिन निळे, उदासीन राणी रंगाचे, आणि जेथे दोन्हींची सरमिसळ तेथे जांभळे, अशी स्पष्ट फोड एका दृष्टिक्षेपात दिसते.

जठराच्या बायोप्सीत हे चित्र विशेष बोलके असते. निरोगी जठराचे अस्तर राणी रंगाचे असते. हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या संसर्गामुळे किंवा अन्य कारणाने वर्षानुवर्षे दाह राहिला, तर त्या अस्तराचे काही भाग आतड्यासारखे होतात आणि त्यांत चषकपेशी उगवतात. राणी रंगाच्या पदरावर विखुरलेल्या निळ्या बुट्ट्यांसारख्या त्या उठून दिसतात. या आंत्रीय रूपांतराचा जठराच्या कर्करोगाच्या वाढत्या धोक्याशी संबंध आहे, म्हणून त्याचा विस्तार किती, हे नोंदले जाते. या रूपांतराचे पोटभेद पाडण्यासाठी एकेकाळी ‘हाय आयर्न डायअमाइन’ नावाचे अभिरंजन वापरत. त्यात सल्फोम्युसिन काळपट तपकिरी होई. त्याची रसायने विषारी आणि कृती वेळखाऊ, त्यामुळे ते आता जवळजवळ पाठ्यपुस्तकांपुरतेच उरले आहे.

म्युसिकार्माइन आणि किरमिजी

या मंडळींतला वडीलधारा म्हणजे म्युसिकार्माइन. पाउल मायर यांनी ते १८९६ मध्ये मांडले आणि १९२७ मध्ये साउथगेट यांनी त्यात सुधारणा केली. त्याचा लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील या किडीपासून मिळतो. मराठीतला ‘किरमिजी’ आणि युरोपीय भाषांतला ‘कार्माइन’ हे दोन्ही शब्द रंग देणाऱ्या कीटकाच्या एकाच पूर्वेकडील नावापर्यंत मागे जातात.

हे अभिरंजन पीएएसइतके संवेदनशील नाही, पण जास्त चोखंदळ आहे; ग्लायकोजेनला ते शिवत नाही. आज त्याची सर्वांत ठसठशीत कामगिरी कर्करोगात नसून संसर्गात आहे. एचआयव्हीबाधित किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांच्या मेंदूच्या आवरणाला ग्रासणारी क्रिप्टोकॉकस ही यीस्टसारखी बुरशी जाड शर्करामय कवच बाळगते, आणि ते कवच म्युसिकार्माइनने लाल होते. दिसायला मिळत्याजुळत्या इतर बुरशींना असे कवच नसते. क्वचित क्रिप्टोकॉकसचेही कवच लुप्त झालेले असते, तेव्हा ही खूण दगा देते. नाकात मांसल गाठी निर्माण करणारा, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत विशेषत्वाने आढळणारा राइनोस्पोरिडियम हाही म्युसिकार्माइनला प्रतिसाद देतो.

अंगठीच्या आकाराची पेशी

म्युसिनच्या शोधाची खरी कसोटी लागते ती ‘सिग्नेट रिंग’ पेशींच्या बाबतीत. या कर्करोगपेशीत म्युसिनचा एवढा मोठा फुगा साठतो की केंद्रक एका कडेला ढकलले जाऊन चपटे होते; पेशी शिक्क्याच्या अंगठीसारखी दिसते. जठराच्या या प्रकारच्या कर्करोगात पेशी गाठ न बांधता सुट्या-सुट्या पसरतात. एंडोस्कोपीत अस्तर जवळजवळ सर्वसामान्य दिसू शकते, आणि चिमटीएवढ्या बायोप्सीत अशा मोजक्याच पेशी दाहाच्या गर्दीत लपलेल्या असतात. त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या, चरबी गिळून फुगलेल्या निरुपद्रवी भक्षकपेशीही जठरात सापडतात. पीएएस-डायस्टेज केले की सिग्नेट रिंग पेशी रंगतात, चरबीच्या पेशी कोऱ्या राहतात. एकाच्या वाट्याला जठर काढण्याची शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच उपचार नाही, एवढे अंतर या एका रंगावर अवलंबून असू शकते.

या पेशी कुठवर प्रवास करतात, याचा धडा वैद्यकाला उशिरा मिळाला. म्युसिकार्माइनचे वर्णन झाले त्याच १८९६ साली फ्रीडरिश क्रुकेनबर्ग या जर्मन वैद्याने बीजांडकोशातील एका गाठीचे वर्णन केले आणि ती तेथेच उगम पावणारी मानली. ती मूळची दुसरीकडची, बहुधा जठरातून आलेली दुय्यम गाठ असते, हे १९०२ मध्ये श्लागेनहाउफर यांनी दाखवले. बीजांडकोशाच्या गाठीत म्युसिनने भरलेल्या सिग्नेट रिंग पेशी दिसताच आजचा विकृतिशास्त्रज्ञ जठर आणि आतडे तपासण्यास सांगतो, त्यामागे हा इतिहास आहे.

एका शतकानंतर याच कथेला न्यूझीलंडमध्ये नवे वळण लागले. तेथील एका मोठ्या माओरी कुटुंबात तरुण वयात जठराचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होत होता. कुटुंबाच्या सहभागाने झालेल्या संशोधनात, १९९८ मध्ये, पार्री गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष सीडीएच१ या जनुकात आहे. हे जनुक पेशींना एकमेकींशी सांधणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन बनवते. सांधणारा दुवाच निखळला की पेशी सुट्या होतात, हे सूक्ष्मदर्शकाखालच्या दृश्याशी तंतोतंत जुळणारे उत्तर होते. असा दोष असलेल्या अनेकांना कर्करोगाची लक्षणे नसतानाच जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. काढलेले जठर डोळ्यांना निरोगी दिसते. त्याचे अस्तर बारीक तुकड्यांत कापून तपासले, की अनेकदा सिग्नेट रिंग पेशींची सूक्ष्म बेटे आढळतात. ती शोधताना पीएएसची मदत होते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अभिरंजन म्युसिन दाखवते, कर्करोग दाखवत नाही. आतड्याच्या काही तीव्र दाहांत अस्तरातून सुटलेल्या साध्या चषकपेशी हुबेहूब सिग्नेट रिंगसारख्या दिसतात, आणि त्यांत म्युसिन असल्याने त्याही रंगतात. त्या ग्रंथीच्या हद्दीतच आहेत की बाहेरच्या ऊतीत घुसल्या आहेत, केंद्रक विकृत आहे का, हे पाहण्याचे काम रंग करीत नाही, डोळाच करतो.

एकच अन्ननलिका, दोन देशांत दोन नावे

स्थलांतरितांना चकवणारे एक उदाहरण बॅरेट्स अन्ननलिकेचे आहे. दीर्घकाळच्या आम्लपित्तामुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलते आणि त्यातून कर्करोगाचा धोका काहीसा वाढतो. अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे निदान करण्यासाठी बायोप्सीत आंत्रीय रूपांतर, म्हणजे चषकपेशी, दिसणे आवश्यक मानले जाते. ब्रिटनमधील २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान एक सेंटीमीटर लांबीचे स्तंभपेशींचे अस्तर पुरेसे धरले आहे. चषकपेशींची अट नाही. त्यामुळे लंडनहून न्यू जर्सीला गेलेल्या रुग्णाचे निदान, आजार तोच असताना, कागदावर बदलू शकते.

चषकपेशी शोधायच्या म्हणून एकेकाळी अनेक प्रयोगशाळा अशी प्रत्येक बायोप्सी सरसकट अल्शियन ब्लूने रंगवीत. याचा उलट परिणामही झाला. जठरीय प्रकारच्या काही फुगीर पेशी फिकट निळ्या होतात आणि त्यांना चषकपेशी समजून नको ते निदान चिकटते. उत्तर अमेरिकेतील पचनसंस्था-विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेने असे सरसकट अभिरंजन करण्याची गरज नसल्याचे स्पष्ट केले आहे. साध्या अभिरंजनात शंका उरली तरच पुढचा रंग, हा विचार अधिक समंजस वाटतो. बिलाच्या दृष्टीने तर आहेच.

फुप्फुसातील दोन प्रश्न

फुप्फुसाच्या कर्करोगात पेशी ग्रंथीय जातीच्या आहेत की स्क्वॅमस, यावर औषधे ठरतात. पेमेट्रेक्सेड हे औषध स्क्वॅमस प्रकारात उपयोगी पडत नाही, आणि बेव्हासिझुमॅबमुळे त्या प्रकारात घातक रक्तस्रावाचा धोका असतो. ग्रंथींचा आकार हरवलेल्या, भरीव गाठीत पेशींच्या आत म्युसिन सापडणे हा ग्रंथीय उगमाचा पुरावा धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी मोठ्या भिंगाच्या दोन क्षेत्रांत प्रत्येकी किमान पाच म्युसिनयुक्त पेशी असा निकष दिला गेला. परंतु सुईने काढलेली ऊती अत्यल्प असते आणि तिच्यातूनच ईजीएफआरसारख्या जनुकचाचण्याही करायच्या असतात. रंगांवर छेद उधळले तर उपचार ठरवणाऱ्या चाचणीसाठी काही उरत नाही. तेव्हा मोजकी अभिरंजने निवडण्यातच तज्ज्ञाचे कसब दिसते.

दुसरा प्रश्न फुप्फुसाच्या आवरणाचा. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा आणि तेथे पसरलेला ग्रंथीय कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसू शकतात. मेसोथेलिओमाच्या पेशी हायल्युरोनिक आम्ल निर्माण करतात. तेही अल्शियन ब्लूने निळे होते, मात्र हायल्युरोनिडेज या विकराने आधी प्रक्रिया केली की ती निळाई निघून जाते. उलट, डायस्टेजनंतरही पीएएसने रंगणारे म्युसिन ग्रंथीय कर्करोगाकडे बोट दाखवते. थोड्या मेसोथेलिओमांत अपवादही सापडतात, म्हणून आज अंतिम निर्णय प्रतिपिंडांवर आधारित चाचण्यांच्या संचाने होतो. अनेक देशांत नुकसानभरपाईचा दावा याच निदानावर उभा राहतो.

नवी साधने, जुने रंग

प्रतिपिंडांनी ऊती रंगवण्याच्या तंत्रामुळे आता म्युसिनची जातच नव्हे, तर कोणत्या जनुकाचे म्युसिन हेही सांगता येते. एमयूसी२ आतड्याच्या चषकपेशींचे, एमयूसी५एसी जठराच्या पृष्ठभागाचे, एमयूसी६ जठराच्या खोल ग्रंथींचे. स्वादुपिंडातील म्युसिनयुक्त गाठींचे उपप्रकार पाडताना ही नावे रिपोर्टात येतात. रक्ततपासणीच्या कागदावरून अनेकांना परिचित असलेली सीए १२५ ही खूण म्हणजे एमयूसी१६, आणि सीए १५-३ म्हणजे एमयूसी१ या म्युसिनचा अंश. सीए १९-९ ही म्युसिनांवर आढळणारी एक शर्करारचना. काही लोकांच्या शरीरात ही शेवटची रचना जन्मतःच तयार होत नाही, त्यामुळे त्यांच्यात कर्करोग असूनही सीए १९-९ वाढत नाही.

तरीही पीएएस आणि अल्शियन ब्लू यांना निवृत्ती मिळालेली नाही. त्यांना महागडे यंत्र लागत नाही, निकाल काही तासांत हाती येतो, आणि लहान शहरातली प्रयोगशाळाही ते विश्वासाने करू शकते.

दुसरे मत घेताना

परदेशात दुसरे मत घ्यायचे असेल, तर केवळ रिपोर्टाचे छायाचित्र किंवा रंगवलेली स्लाइड पुरेशी नसते. रंगवलेल्या स्लाइडीवर म्युसिन आहे की नाही, हे नव्याने तपासणे नेहमी सोयीचे नसते, आणि शिफचा रंग कालांतराने फिका पडतो. मागायचा असतो तो मेणाचा ब्लॉक, किंवा तो देणे शक्य नसल्यास त्याच ब्लॉकमधून कापलेल्या, न रंगवलेल्या काही स्लाइडी. सोबत मूळ रिपोर्ट, ब्लॉकचा क्रमांक आणि आधी कोणती अभिरंजने केली याची नोंद असावी, म्हणजे मोजकी ऊती त्याच चाचण्यांवर पुन्हा खर्च होत नाही. ब्लॉक सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावा. त्याचे मेण साधारण ५६ ते ६० अंश सेल्सिअसला वितळते. दुबई किंवा दोहाच्या उन्हाळ्यात, बंद काचांच्या उभ्या गाडीत तो विसरता कामा नये.